कीड अंडी कोठे घालते व का?

पिकाची नासाडी अळी करते. परंतु ती नासाडी कोणत्या शेतात, कोणत्या चुडावर व्हावयाची हे ठरविते ती अळीची आई. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली अळी तिळाच्या दाण्याहूनही बारीक असते. दूर जाऊन अन्न शोधण्याचे बळ तिच्या अंगी नसते. ज्या झाडावर ती जन्मली तेथे, अथवा फार तर शेजारच्या झाडावर, तिचे पोट भरले तर ती जगते. एरवी उपासमारीने मरते. म्हणून अंडी कोठे घालावयाची हा कीटकाच्या मादीपुढे जीवनमरणाचा प्रश्न असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तो काही कमी महत्त्वाचा नाही. आपल्याकडे किडीचा विचार बहुधा नुकसान दिसू लागल्यावर होतो. गाभा वाळला, लोंब्या पांढऱ्या पडल्या, शेंगांना भोके दिसली म्हणजे औषधाची चौकशी सुरू होते. आणि त्या वेळी कीड खोडात, शेंगेत किंवा दाण्यात सुखरूप बसलेली असते. ती उघड्यावर व आपल्या हाताच्या आवाक्यात असते ते अंड्याच्या अवस्थेत आणि त्यानंतर अगदी थोडा वेळ.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील दापोडे व आसपासच्या गावांत हा विषय विशेष अगत्याचा झाला आहे. हा मुलूख भाताचा. गेल्या काही दशकांत येथे गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि सलग पसरलेल्या खाचरांचे तुकडे पडले. जेथे अद्याप भात उभे राहते तेथे एका बाजूस गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूस पडीक जमीन, तिसऱ्या बाजूस शेजाऱ्याची उशिरा लावलेली आवणी, असे दृश्य सहज आढळते. मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून लावणी मागेपुढे होते. थोडक्या क्षेत्रात भात करणाऱ्यास एका खाचराचे नुकसानही सोसत नाही. अशा ठिकाणी किडीची मादी काय पाहून शेत निवडते हे जाणून घेतले, तर औषधाच्या डब्याआधी बरेच काही करता येते.

भातावरील किडींमध्ये पिवळ्या खोडकिड्याचा मान पहिला. याची मादी पिवळसर नारिंगी रंगाची असून तिच्या प्रत्येक पुढच्या पंखावर एक ठसठशीत काळा ठिपका असतो. नर लहान व मळकट रंगाचा असतो. हे पतंग दिवसा पानांआड स्वस्थ बसतात आणि दिवेलागणीनंतर हालचाल करू लागतात. मीलनानंतर मादी रात्री अंडी घालण्यास आरंभ करते; साधारणतः एका रात्री एक पुंज, याप्रमाणे चार-पाच रात्री हा क्रम चालतो. पुंजासाठी ती पानाच्या शेंड्याकडील भाग पसंत करते. एका पुंजात पन्नासापासून दीडशेपर्यंत अंडी असू शकतात. अंडी घालून झाली की मादी आपल्या पोटाच्या टोकावरील तपकिरी केसांचा झुबका त्यांवर पसरते. त्यामुळे पुंज वालाच्या दाण्याहून लहान, लंबगोल, लवदार ठिपक्यासारखा दिसतो. एकदा नजर बसली की तो बांधावरूनही ओळखता येतो. सकाळी ऊन तिरपे असताना पाहिल्यास काम सोपे होते.

पाच ते आठ दिवसांत अंडी फुटतात. अळ्या पानावर थोड्या वावरतात, काही रेशमी धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडावर जातात, आणि मग पानाच्या आवरणामागून खोडात शिरतात. येथे शेतकऱ्याच्या हातातील डाव संपतो. फुटवे येण्याच्या काळात अळी शिरली तर मधला गाभा वाळतो व ओढल्यास सहज हाती येतो; यास गाभेमर म्हणतात. लोंबी बाहेर पडताना शिरली तर सगळी लोंबी पांढरी व पोकळ निघते. तिला पळींज म्हणतात. गाभेमरीची भरपाई पीक नवे फुटवे काढून काही अंशी करते. पळींजेची भरपाई कशानेही होत नाही, कारण तोवर पिकाजवळ वेळच उरलेला नसतो.

या पतंगाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अनेक किडी दहा-वीस प्रकारच्या वनस्पतींवर गुजराण करतात. पिवळा खोडकिडा मात्र मुख्यतः भातावरच जगतो. मग कोकणासारख्या एकपिकी भागात भात कापल्यावर तो जातो कोठे? तो कोठेही जात नाही. अळी खोडाच्या बुडाशी, धसकटात, हिवाळा व उन्हाळा झोपून काढते. मृगाचा पाऊस पडून जमिनीत ओल आली की ती कोषात जाते आणि पतंग बाहेर पडतो. त्या वेळी सर्वत्र उघडे रान असते. हिरवे भात असते ते फक्त राबावर. म्हणून हंगामातील पहिले अंडीपुंज रोपांवर घातले जातात आणि आपण स्वतःच ते मुठी बांधून खाचरात नेऊन पोचवितो!

यावर जुना आणि फुकटचा उपाय आहे. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे कापावेत. मादी शेंड्याकडे अंडी घालते, तेव्हा शेंड्याबरोबर पुंजही जातात. कापलेले शेंडे बांधावर टाकून न देता पुरावेत वा गुरांस घालावेत. बांधावर पडलेल्या पुंजांतूनही अळ्या निघतात. मात्र ज्या राबावर कडा करप्याची लक्षणे दिसत असतील तेथे शेंडे कापू नयेत, कारण कापलेल्या जखमेतून त्या रोगाचे जंतू शिरतात. तेथे पुंज असलेली पाने वेचून काढणे हाच मार्ग. मुठी बांधताना घरची माणसे, विशेषतः मुले, हे काम चटकन करतात. त्यांस पुंज एकदा हातात घेऊन दाखविला पाहिजे, एवढेच.

आता मुख्य प्रश्न असा की, इतक्या खाचरांतून मादी आपले खाचर कसे निवडते? कीटकाला आपल्यासारखी बुद्धी नसते, पण त्याची इंद्रिये फार तीक्ष्ण असतात. दुरून त्याला उजेड व वास कळतो, जवळ आल्यावर रंग व आकार दिसतो, आणि झाडावर उतरल्यावर तो पायांनी चव घेतो. ही शेवटची गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटते. ज्यांच्या परसात लिंबाचे झाड आहे त्यांनी पावसाळ्यात जरा थांबून पाहावे. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे लिंबाचे फुलपाखरू झाडाभोवती घिरट्या घालते, कोवळ्या पानावर क्षणभर उतरते, पुढच्या पायांनी पानावर भराभर टिचक्या मारते आणि एकच मोत्यासारखे अंडे घालून उडून जाते. त्या टिचक्या म्हणजे चव घेणे होय. पायांवरील सूक्ष्म केसांतून पानातील द्रव्ये त्याला समजतात. हेच फुलपाखरू बेलावर व कढीलिंबावरही अंडी घालते. लिंबू, बेल आणि कढीलिंब ही झाडे दिसावयास किती वेगळी; तथापि वनस्पतिशास्त्राप्रमाणे तिन्ही एकाच कुळातील आहेत. ग्रंथ न वाचता फुलपाखराला ते ठाऊक असते, कारण त्या कुळाची खूण पानाच्या रसात असते.

याच प्रकारची खूण मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळात आहे. मोहरीचा झणका ज्या द्रव्यांमुळे येतो ती बहुतेक किडींना नकोशी असतात, परंतु कोबीवरील काही किडींना तीच आमंत्रण ठरतात. हॉलंडमधील फरशाफेल्ट या शास्त्रज्ञाने १९१० साली असे दाखविले की, ज्या पानांना कोबीवरील अळ्या एरवी तोंड लावीत नाहीत, त्यांवर मोहरीच्या कुळातील वनस्पतीचा रस लावला तर त्या ती पाने खाऊ लागतात. कीड पानातील पोषण मोजत नाही. ती खूण ओळखते. हे एकदा समजले की मादीला फसविणेही शक्य होते. त्याविषयी पुढे येईलच.

भाताकडे परत वळू. भाताच्या खाचरात मादीला आकर्षित करणाऱ्या गोष्टींत पिकाचा गर्द हिरवेपणा प्रमुख आहे. नत्र अधिक दिलेले भात काळेभोर दिसते, पाने रुंद व लुसलुशीत होतात. अशा पिकात पुंज अधिक आढळतात आणि मऊ खोडात अळीही चांगली पोसते. युरियाची गोणी हाताशी आहे म्हणून एकदम ओतणारा शेतकरी खोडकिड्याला जणू अक्षत देतो. शिफारशीप्रमाणे नत्र हप्त्याहप्त्याने, म्हणजे काही लावणीच्या वेळी, काही फुटवे येताना आणि उरलेले लोंबी पोटात धरण्याच्या वेळी द्यावे. त्याने उत्पन्न घटत नाही, उलट खत वाहून जाण्याचे टळते. शेजाऱ्याच्या भातापेक्षा आपले भात अधिक काळे दिसावे ही हौस समजण्यासारखी आहे, पण पतंगही नेमके तेच पाहतो.

दुसरी गोष्ट पिकाच्या वयाची. फुटवे येत असलेले व पोटरीत आलेले पीक मादीला विशेष प्रिय असते. संपूर्ण गावाची लावणी आठ-दहा दिवसांत आटोपली तर पतंगांची पिढी सर्व खाचरांत विखुरते आणि प्रत्येकाच्या वाट्यास थोडे थोडे नुकसान येते. परंतु बहुतेक पीक पुढे गेले आणि दोन-चार तुकडे मागे राहिले, तर त्या तुकड्यांवर गावभरचे पतंग लोटतात. गरव्या भातावर शेवटच्या पिढीचा मारा अधिक पडण्याचा संभव असतो तो याच कारणाने. हळवे भात तोवर कापणीस आलेले असते. लावणीचा मेळ घालणे हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी राब पेरण्यापूर्वीच वाडीवाडीने बैठक घेऊन तारखा ठरविल्या व मजुरांची वाटणी करून दिली, तर ती किडीच्या बंदोबस्ताचीच योजना ठरते. ज्याला लावणीस उशीर होणे अटळ आहे त्याने निदान हळवी जात निवडावी.

जातींच्या बाबतीतही मादीची आवडनिवड असते. दक्षिणेतील 'टीकेएम-६' ही जुनी भाताची जात खोडकिड्याला दाद देत नाही असे पूर्वीच लक्षात आले होते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, जिची स्थापना १९६० साली झाली, पट्टेदार खोडकिड्यावर प्रयोग करताना असे आढळले की मादी या जातीवर अंडीच कमी घालते, आणि तिला परावृत्त करणारे द्रव्य त्या रोपात असते. 'टीकेएम-६' व 'आयआर-८' यांच्या संकरातून निघालेली 'रत्ना' ही जात १९७० पासून शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तथापि खोडकिड्याला पूर्णपणे पुरून उरेल अशी भाताची जात अद्याप हाती आलेली नाही. कर्जत येथील संशोधन केंद्राने कोकणासाठी काढलेल्या जातींतून निवड करताना उत्पन्नाबरोबर पक्व होण्याचा काळही पाहावा.

दापोड्यासारख्या गावात एक नवी बाब जमेस धरली पाहिजे, ती म्हणजे दिवे. खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे धावतात. याच सवयीचा उपयोग करून प्रकाश-सापळे लावले जातात. गोदामांच्या आवारांतील दिवे तर रात्रभर जळतात आणि त्यांखाली पाण्याची परात नसते. आलेले पतंग तेथेच आसपासच्या हिरवळीवर विसावतात. म्हणून जे खाचर अशा आवारास लागून आहे त्याची पाहणी कुंपणाच्या बाजूने सुरू करावी. शक्य तेथे दिव्याचा झोत आवाराच्या आत, जमिनीकडे वळवून घ्यावा. मालकास विनंती केल्यास यात त्याचे काही जात नाही. भिंतीच्या सावलीचाही विचार करावा. पाने गुंडाळणाऱ्या अळीचा उपद्रव सावलीत व भरपूर नत्र दिलेल्या जागी अधिक असतो. पूर्वी ही सावली बांधावरील झाडांची असे. आता ती भिंतीची आहे, इतकाच फरक. तिची मादी मात्र पुंज घालीत नाही. पानाच्या शिरेलगत एकेकटी वा जोडीने अंडी चिकटविते, तेव्हा ती शोधण्याच्या भरीस न पडता गुंडाळलेली पाने पाहावीत.

सुरळीतील अळीची तऱ्हा आणखी निराळी. तिची मादी पाण्यावर टेकलेल्या पानांच्या खालच्या बाजूस अंडी घालते. अळी पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते व त्या होडीत बसून पाण्यावरून या चुडावरून त्या चुडावर जाते. पाणी हाच तिचा आधार असल्याने खाचरातील पाणी दोन-तीन दिवस काढून टाकले की तिचा डाव मोडतो. पाणी काढण्यापूर्वी पिकावरून दोन्ही टोके धरून दोर ओढला तर सुरळ्या पाण्यात पडतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. बाहेर पडण्याच्या तोंडाशी त्या गोळा करून नष्ट कराव्यात. आपले वाडवडील हा दोर फिरवीत असत. त्यामागचे कारण कोणी लिहून ठेवले नव्हते, पण कृती अचूक होती.

भात निघाल्यावर ओलीवर वाल घेण्याची या भागातील रीत. जेथे कापणीनंतर लगेच नांगरून वाल पेरला जातो तेथे धसकटे उपटली जातात व खोडकिड्याच्या झोपलेल्या अळ्या उघड्या पडतात. जेथे जमीन तशीच राहते तेथे पुढील वर्षाचे पतंग तयार होत असतात. भात जमिनीलगत कापावे आणि वाल करावयाचा नसला तरी एक नांगरट करावी. विक्रीच्या वाटेवर असलेल्या जमिनीत कोणी नांगर घालीत नाही हे खरे; परंतु त्यातून निघणारे पतंग सातबारा पाहून उडत नाहीत.

वालाचा विषय निघाला म्हणून घरातल्या घरात, उजेडी बसून, मादीची निवड पाहण्याचा एक प्रकार सांगतो. साठवणीच्या वालावर, तुरीवर किंवा मुगावर पांढरे ठिपके दिसतात. ते भुंगेऱ्याने चिकटविलेले अंडे होय. मादी दाण्याच्या गुळगुळीत पाठीवर अंडे घालते. अंडे ताजे असताना ते पारदर्शक, लक्षात न येणारे असते. अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि पोखरताना निघालेला भुगा मागे रिकाम्या कवचात भरते. त्यामुळे ते कवच दुधासारखे पांढरे दिसू लागते. म्हणजे पांढरा ठिपका दिसला की कीड आत गेली असे समजावे. वाळत घातलेल्या दाण्यांत हे भुंगेरे आले कोठून, असे गृहिणी विचारतात. बहुतेक वेळा ते शेतातूनच येतात. शेंगा पक्व होत असतानाच पहिली अंडी घातली जातात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत वा मंडळाच्या बैठकीत हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. काचेच्या स्वच्छ बरणीत वीस निरोगी वाल घालावेत, त्यांत चार-पाच जिवंत भुंगेरे सोडावेत व तोंडास पातळ कापड बांधावे. तीन दिवसांनी दाणे मोजून पाहावेत. सारी अंडी एकाच दाण्यावर नसतात. ती बहुतेक दाण्यांवर वाटली गेलेली असतात. ज्या दाण्यावर आधीच अंडे आहे तो टाळून मादी मोकळा दाणा पसंत करते, कारण एका दाण्यात अनेक अळ्यांचे पोट भरणे कठीण. अगोदर येऊन गेलेल्या मादीची खूण तिला स्पर्शाने व वासाने कळते. दुसऱ्या बरणीत तेवढेच दाणे गोडेतेलाचा हात लावून ठेवावेत. तेथे अंडी फार थोडी दिसतील, आणि जी असतील त्यांतील बहुतेक फुटणार नाहीत. किलोभर कडधान्यास पाच ते दहा मिलिलिटर तेल चोळून ठेवण्याची शिफारस याच निरीक्षणावर आधारलेली आहे. कडधान्याची डाळ करून ठेवली तर भुंगेऱ्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो, याचेही कारण तेच: अखंड, गुळगुळीत सालीचा दाणा मादीला हवा असतो. प्रयोग संपल्यावर बरणी उकळत्या पाण्यात रिकामी करावी. नाही तर प्रयोगच कोठारात जावयाचा.

देशावरील शेतकरी बंधूंसाठी दोन गोष्टी. ज्वारीवरील खोडमाशी कोवळ्या, एक ते चार आठवड्यांच्या रोपावर, पानाच्या खालच्या बाजूस पांढरे, लांबट अंडे घालते. अळी पहाटेच्या ओलीवरून गाभ्याकडे सरकते. ज्या जातींची पाने पहिल्या आठवड्यांत चकचकीत असतात व ज्यांवर बारीक लव असते, त्यांवर माशी कमी अंडी घालते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली 'मालदांडी ३५-१' खोडमाशीत बऱ्यापैकी टिकाव धरते. खरिपात पेरणी जितकी लांबेल तितकी माशी वाढत जाते, हे ज्वारी करणाऱ्यास सांगावयास नको.

दुसरी गोष्ट कपाशीची, आणि ती थोडी अवघड आहे. तुडतुड्यांची मादी पानाच्या शिरेत नळी खुपसून अंडी घालते. पानावर दाट लव असली तर तिला शिरेपर्यंत पोचता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत या एका गुणाच्या आधारे 'यू-४' ही लवदार जात निवडली गेली आणि तुडतुड्यांनी हैराण झालेली तेथील कपाशी पुन्हा उभी राहिली. परंतु बोंडअळीच्या पतंगाला लवदार पृष्ठभागच आवडतो. त्याची अंडी तेथे चांगली चिकटून राहतात. एकीला दार लावावे तर दुसरीला ते उघडते. सर्व किडींना एकाच वेळी नापसंत पडेल असे झाड निर्माण करणे इतके सोपे असते तर ते निसर्गाने कधीच केले असते.

आता मादीला फसविण्याविषयी. जिला निवड करता येते तिला चुकीची निवडही करावयास लावता येते. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीसाठी सुचविलेली पद्धत अशी: कोबीच्या दर पंचवीस ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात, पहिली कोबीच्या लागवडीपूर्वी पंधरा दिवस व दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावी. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची मादी कोबी सोडून मोहरीवर अंडी घालते आणि औषध मारावयाचे ते मोहरीपुरते मारता येते. टोमॅटोमध्ये दर सोळा ओळींस एक ओळ उंच झेंडूची लावण्याची पद्धतही त्याच संस्थेची. टोमॅटोची रोपे पंचवीस दिवसांची तर झेंडूची पंचेचाळीस दिवसांची घ्यावयाची, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात. हा वेळेचा मेळ चुकला तर झेंडू नुसताच शोभेचा.

याहून मोठ्या प्रमाणावर ही युक्ती पूर्व आफ्रिकेत वापरली गेली. आपल्याकडे ज्वारी-मक्यात उपद्रव करणारा ठिपकेदार खोडकिडा आशिया खंडातून तिकडे गेला आणि तेथील मक्यावर फैलावला. १९९० नंतरच्या दशकात नैरोबी येथील कीटक संशोधन केंद्राने व इंग्लंडमधील रॉदमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी मिळून मक्याच्या सभोवती हत्तीगवत आणि ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावून पाहिली. डेस्मोडियमचा वास पतंगाला मक्यापासून लोटतो, हत्तीगवताचा वास त्याला बांधाकडे ओढतो. मादी हत्तीगवतावर भरपूर अंडी घालते. पण अळी खोडात शिरू लागताच गवतातून चिकट रस पाझरतो व बहुतेक अळ्या मरतात. गुरांस चारा मिळतो तो वेगळाच. आईचा अंदाज नेहमीच बरोबर ठरतो असे नाही, हे यावरून दिसते. आपल्या भाताच्या पिवळ्या खोडकिड्यास असे फसवे गवत अद्याप सापडलेले नाही, म्हणून भाताच्या बांधावर हत्तीगवत लावले की काम झाले असे कोणी समजू नये.

भातात आपल्या मदतीस येतात ते अंड्यांचे शत्रू. खोडकिड्याच्या पुंजात आपली अंडी घालणाऱ्या सूक्ष्म माश्या निसर्गात आहेत. त्यांतील टेलेनोमस या जातीची माशी तर पतंगाच्या मादीच्या केसांच्या झुबक्यात बसून तिच्याबरोबरच प्रवास करते आणि अंडी पडताच, त्यांवर केसांचे पांघरूण येण्याच्या आतच, आपले काम उरकते. ट्रायकोग्रामा ही माशी बाहेरून येते, म्हणून पुंजाच्या वरच्या थरातील अंडी तिला सहज मिळतात, आतली मिळत नाहीत. तरीही तिचा उपयोग मोठा आहे. लावणीनंतर सुमारे महिन्याने हेक्टरी ५०,००० ट्रायकोग्रामा जापोनिकम, दर आठवड्यास याप्रमाणे तीन-चार वेळा सोडावेत. कार्डे पानाच्या खालच्या बाजूस, उन्हापावसापासून आडोशाला लावावीत. ती लावल्यावर फवारणीची घाई करू नये. एके काळी बी.एच.सी.ची भुकटी सरसकट धुरळली जाई. तिने पतंग मरत तसे हे मित्रही मरत. १९९७ पासून त्या औषधावर देशात बंदी आहे.

कामगंध सापळ्यात नर सापडतात, मादी नव्हे. तिची निवड सापळा बदलीत नाही. परंतु सापळ्यात नर वाढले की चार-दोन दिवसांत पुंज दिसू लागणार, एवढी सूचना त्यातून निश्चित मिळते. मोठ्या प्रमाणावर नर पकडावयाचे असल्यास हेक्टरी वीस सापळे लावतात. सूचना मिळताच खाचरात तिरकस चालत पाच जागी एकेक चौरस मीटर पीक पाहावे. सरासरी चौरस मीटरला एक पुंज आढळला, किंवा शंभरांत पाच फुटवे गाभेमरीने वाळलेले दिसले, तर औषधाचा विचार करण्याची वेळ आली असे समजून कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशीतील औषध वापरावे. त्याहून कमी असेल तर पुंज वेचावेत.

वेचलेले पुंज जाळून टाकण्याची चाल आहे, ती सोडावी. त्यांतील कित्येक अंड्यांत आपल्या मित्रमाश्या वाढत असतात. एक जुने मडके घेऊन त्याला बारीक भोके पाडावीत, पुंज असलेली पाने त्यात ठेवावीत, आणि ते पाणी भरलेल्या परातीत विटेवर उभे करावे. पाण्यावर थोडे रॉकेल टाकावे. परात बांधाच्या मध्यावर, गुरांचे तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवावी. अळ्या निघाल्या तर त्या रेंगत पाण्यात पडतात. माश्या उडून खाचरात जातात. आठ-दहा दिवसांनी पाने बदलावीत.